दोरवाल्यांचं शहर

खणकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, हातांकडे पाहिलं.

"धुतले का?"

"हो."

"पुसले का?"

पुसले नव्हते. सगळे फिरवतात तसे पँटला फिरवले होते.

"मग पुसून या. घाणेरडा हात परवडला, ओला नको."

शहराच्या जुन्या दफ्तरखान्यात माझं स्वागत झालं ते असं. मी लहान गावातल्या शाळेत शिकलेला. तिथं ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं एक कपाट, आणि पुस्तक मागितलं की नेमकी किल्ली सापडायची नाही. इथं मला कुणी ओळखत नसताना दीडशे वर्षांपूर्वीचे कागद समोर आणून ठेवत होते आणि बदल्यात फक्त कोरडे हात मागत होते. मी हात पुसून आलो आणि तीन वर्षं तिथून उठलो नाही.

कागद म्हणजे अर्ज. त्या काळी शहरात कुणालाही काही हवं असलं, कुणाचं गटार तुंबलं, कुणाच्या शेजाऱ्याची भिंत चार बोटं पुढे आली, कुणाला दुकानावर छप्पर टाकायचं झालं, की तो कचेरीत अर्ज द्यायचा. बहुतेकांना लिहिता येत नसे. कचेरीबाहेर लेखनिक बसत, ते लिहून देत. आधी नाव, मग गल्ली, मग ओळीच्या शेवटी धंदा, आणि खाली रडगाणं. असे नव्वद हजार अर्ज गठ्ठ्यांमध्ये शिवून ठेवलेले होते.

खणकाकांनी त्यांतल्या बावीस हजार अर्जांची कार्डं केली होती. एक अर्ज, एक कार्ड, एकतीस वर्षं. वाचनकक्षाच्या एका अख्ख्या भिंतीला लाकडी कपाट होतं, त्याला शहाण्णव खण, आणि खणांमध्ये आडनावांच्या क्रमानं कार्डं उभी. म्हणून ते खणकाका. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. तुम्ही एखादं आडनाव सांगितलंत की ते छताकडे बघायचे, ओठ जरा हलायचे, आणि म्हणायचे, "त्रेसष्ट. मधोमध. ओढताना डावीकडून उचला, कुरकुरतो तो."

लेखनिक मरून शंभर वर्षं झाली होती, पण काकांची त्यांच्याशी अरेतुरेची ओळख. एकाला ते 'घाईवाला' म्हणत, कारण त्याची शेवटची अक्षरं नेहमी दाराबाहेर पळत असत. एक होता 'शाईचोर'. तो दौतीत पाणी घालून शाई पुरवायचा, त्यामुळे त्याचे अर्ज वाचण्यापेक्षा हुंगून कळतील इतके फिके. मी एखाद्या शब्दाशी अडलो की काका मागून येऊन उभे राहायचे. "शाईचोर आहे. वाचू नका त्याला, कागद तिरका धरा." कागद तिरका धरला की शब्द वर यायचा. कधी यायचाच नाही. मग म्हणायचे, "टाका प्रश्नचिन्ह. तुमच्या डोक्यावर कुठला साहेब बसलाय?"

काका जळके होते, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी चुगली केली असं वाटणार नाही. वरच्या मजल्यावरच्या नकाशेवाल्यावर ते जळत, कारण त्याच्या नकाशांना काचेच्या चौकटी होत्या. पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाला हात असलेली खुर्ची मिळाली तेव्हा दोन आठवडे त्यांची कंबर दुखत होती. मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा काकू म्हणाल्या, "यांच्या जळण्यावर माझा दोन्ही वेळचा स्वयंपाक होईल, पण ते जळतात ऑफिसात." काका आतून ओरडले, "मी कुणावर जळत नाही, मी फक्त लक्ष ठेवतो!"

आणि मीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. म्हणून तर आमचं जमलं.

तर अशा या सुखी संसारात मशीनबाई आली.

हे नाव काकांनी दिलेलं. ती माझ्याच विद्यापीठातली, माझ्या दोन वर्षं मागे. मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली रंगवून तिला दिली, गार हवेचं यंत्र बसवलं, संगणकाचे दोन मोठे पडदे लावले. तिनं सगळ्या नव्वद हजार अर्जांचे फोटो काढून घेतले होते आणि एका प्रोग्रामला जुनं हस्ताक्षर वाचायला शिकवलं होतं. आडनाव टाका, बटण दाबा, डोळा मिटायच्या आत सगळे अर्ज हजर, शेजारी छापील अक्षरांत मजकूर.

पूर्वी अकरा वाजता काकांच्या टेबलासमोर माणसं उभी असायची. घराण्याचा इतिहास शोधणारे पेन्शनर, प्राध्यापक, माझ्यासारखे प्रबंधवाले. आता ती माणसं दारातून आत यायची, "काय काका, बरं आहे ना?" म्हणायची आणि सरळ रंगवलेल्या खोलीकडे वळायची. विचारपूस वाढली आणि विचारणं बंद झालं.

काका तिला बोलायची एक संधी सोडत नसत.

"काय हो बाई, तुमचं मशीन हात धुतं का?"

"काका, त्याला हातच नाहीत."

"तेच म्हणतोय मी!"

ती हसायची, खरोखर मनापासून, आणि त्यानं काका आणखी पेटायचे. भांडणाऱ्याशी ते भांडू शकत होते. हसणाऱ्याचं काय करायचं हे एकतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

एके दिवशी त्यांनी मला चिठ्ठीवर एक आडनाव लिहून दिलं. "तिच्या मशीनला विचारा. किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. मी इकडे बघतो." मी जाऊन आलो. काकांनी ते कार्ड चाळीस सेकंदांत काढलं होतं, साठाव्या वर्षाला टेकलेल्या माणसाच्या मानानं वाघासारखं. मी म्हटलं, "काका, तिकडे एक सेकंदही नाही लागला."

त्यांनी कार्ड परत खणात उभं केलं. मग म्हणाले, "पण मी उठलो, चाललो, खण ओढला, डावीकडून उचलला. ते उठलं का जागेवरून?"

माझी पोटदुखी वेगळी होती, पण तिच्याच खोलीतून यायची. माझ्या प्रबंधाचा विषय होता शहरातले जुने धंदे. तीन वर्षांत चार हजार अर्ज मी मूळ कागदांवरून वाचले होते. माझे गाईड कार्डांना हात लावू देत नसत. "कागद वाचा, कागदाची कार्डं नव्हे" म्हणत. त्या चार हजारांपैकी सहाशे ठिकाणी धंदा वाचता येत नव्हता, कारण धंदा ओळीच्या शेवटी, आणि ओळीचा शेवट गठ्ठ्याच्या शिवणीत गेलेला. म्हणून माझ्या वहीत सहाशे प्रश्नचिन्हं. आणि मशीनबाईनं अकरा महिन्यांत नव्वद हजार अर्ज मोजून लेख लिहिला होता, ज्यात एकही प्रश्नचिन्ह नव्हतं.

लेखाचं म्हणणं असं, की त्या काळी या शहरात दर पाच अर्जदारांमागे एक दोर वळणारा होता. दोरवाला. शहर दोरावर उभं होतं आणि आजवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वर्तमानपत्रात बातमी आली, रंगीत आलेख आला, परदेशातल्या एका विद्यापीठानं तिला भाषणाला बोलावलं. माझ्या गाईडनी तो लेख मला पाठवला. सोबत एकच ओळ होती: "हे पाहिलंत का?" मी सहाशे प्रश्नचिन्हांसोबत तीन वर्षं सुखानं नांदलो होतो, हे सहाशे एकावं मात्र घशाखाली उतरेना.

तिचं अभिनंदन करायला मी गेलो, कारण गेलो नसतो तर तिला कळलं असतं. ती म्हणाली, "अरे, माझं काय त्यात! सगळं श्रेय काकांच्या कार्डांना. मशीन शिकलंच त्यांच्यावर. एका बाजूला अर्जाचा फोटो, दुसऱ्या बाजूला काकांचं कार्ड. बावीस हजार जोड्या. तुला माहीत नव्हतं? कार्डं दोन महिने वर नेली होती ना, तेव्हाच."

मला माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं, त्यांना वाटलं होतं नुसते फोटो काढून घेतात. आणि मी त्यांना सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर ते विरघळले असते, दुसऱ्या दिवशी रंगवलेल्या खोलीत जाऊन "बघू बरं, आमचं पोर काय वाचतंय" म्हणाले असते, आणि जळायला मी एकटाच उरलो असतो. एकट्यानं जळण्यात काही मजा नाही.

त्याच महिन्यात सूचनाफलकावर कागद लागला. बुधवारी समितीची बैठक. विषय पहिला: वाचनकक्षातलं कार्डांचं कपाट तळघरात हलवणं आणि त्या जागी वाचकांसाठी चार संगणक बसवणं.

तळघरात काय होतं ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. ओल. तिथं गेलेला कागद सहा महिन्यांत पापुद्रे सोडायला लागायचा. काकांना निवृत्त व्हायला पाच महिने होते. ते सूचना वाचून टेबलाशी आले, चष्मा काढला, दोरीवर लोंबकळू दिला.

"मी जाईन त्या दिवशी हे कपाट इथंच पाहिजे," म्हणाले. "नंतर काय करायचं ते करा. मला पाठ फिरवताना ते इथं दिसलं पाहिजे. बास."

तेव्हा मी माझी वही काढली.

"काका, एक विचारू? माझ्या चार हजार अर्जांत दोरवाले किती असतील?"

"किती?"

"एक्केचाळीस."

"आणि तिच्या हिशेबानं?"

"आठशे निघायला हवे होते."

काकांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी त्याआधी फक्त नकाशेवाल्याची काच तडकली तेव्हा पाहिलं होतं.

"मशीन चुकलं?"

"मशीन चुकलं."

"जोरात चुकलं?"

"काका, आठशेच्या जागी एक्केचाळीस."

त्यांनी सोमवारी सकाळी स्वतःच्या गोल, ठसठशीत अक्षरात समितीला पत्र दिलं. 'सदर यंत्राने शहरातील पाचव्या हिश्श्यास बिनदिक्कत दोरवाला करून टाकले आहे. ज्या यंत्रास माणूस ओळखता येत नाही त्याच्या भरवशावर कपाट हलविणे म्हणजे इतिहासाच्या तोंडाला पाने पुसणे होय.' शेवटचं वाक्य माझं. मला त्याचा अभिमान होता, म्हणून सांगितलं.

पत्राला पुरावा हवा. मंगळवारी दुपारी आम्ही मशीनच्या यादीतून दहा दोरवाले निवडले, पाच असे की ज्यांची काकांनी कार्डं केली होती आणि पाच कार्डं नसलेले. गठ्ठे काढले. पहिला अर्ज, शाईचोराचा. नाव दिसत होतं, गल्ली दिसत होती. धंद्याच्या जागी शिवण, आणि शिवणीत शिरणारा एक फिका डाग.

"हे दोरवाला?" काका खूश. "हा तर डाग आहे! डागाला दोरवाला म्हणतंय!" दुसरा अर्ज, डाग. तिसरा, डाग. काका प्रत्येक डागागणिक तरुण होत होते. "आता यांची कार्डं दाखवतो तुम्हाला. माझ्या कार्डावर काय आहे ते बघा आणि मशीनबाईला नेऊन दाखवा."

अठरावा खण. त्यांनी कार्ड काढलं आणि मला न देता हातातच ठेवलं.

"काय झालं, काका?"

त्यांनी दुसरा खण ओढला. मग तिसरा. तीन कार्डं टेबलावर ठेवली. तिन्हींवर धंद्याच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात होतं: दोरवाला. आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक ठिपका, बारीक, फिका, शोधल्याशिवाय न दिसणारा.

"ठिपका कसला?"

"अंदाज," काका म्हणाले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी जे मोठे साहेब होते त्यांचा हुकूम असा, की कार्डावरचा एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे आळशी कारकून. काकांनी विचारलं, वाचता येत नसेल तर? साहेब म्हणाले, तुम्हाला कशासाठी ठेवलंय? मग काकांनी तोड काढली. वाचता येत नसेल तिथं काहीतरी एक लिहायचं, नेहमी तेच, आणि कोपऱ्यात ठिपका द्यायचा, म्हणजे आपल्याला कळेल की हे खरं नव्हे. मोठे साहेब काकांच्या नोकरीच्या बाराव्या वर्षी गेले. तोवर हात इतका बसला होता की आपण काय लिहितोय हे त्यांना जाणवतही नसे.

"पण दोरवालाच का?"

काका दुसरीकडे बघत म्हणाले, "आमचे वडील दोर वळायचे. मी लहान असताना चाक फिरवायचो. काहीतरी लिहायचंच तर म्हटलं घरातलं लिहू."

मला हसू आलं, ते मी खोकून घालवलं. कार्डं आडनावांनी लावलेली. धंद्यानं कुणी कधी मोजलीच नव्हती, म्हणून एकतीस वर्षं कुणाला कळलं नाही की या माणसानं स्वतःच्या वडिलांना तीन हजार भाऊबंद मिळवून दिले होते. मोजायला मशीन यावं लागलं. मशीननं काय केलं, तर इमानदारीत शिकलं: शिवणीजवळचा फिका डाग म्हणजे दोरवाला. आणि उरलेल्या अडुसष्ट हजार अर्जांत जिथं जिथं डाग दिसला तिथं तिथं काकांचे वडील दोर वळत बसवले.

आता मला ते सांगावंच लागलं, की मशीन कार्डांवर शिकलंय. सांगितलं. महिनाभर लपवलं होतं हे नाही सांगितलं.

काकांनी तिन्ही कार्डं एकावर एक रचली. मी म्हटलं, "काका, ठिपक्यांचं कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. कुणी विचारलं नाही."

"मग राहू दे की. आपण दहा अर्ज दाखवायचे, म्हणायचं मशीन डागाला दोरवाला म्हणतं. खोटं आहे का? नाही. आणि कुणी कार्ड मागितलंच तर..." मी टेबलाच्या कोपऱ्यातल्या खोडरबराकडे बघितलं. नुसतं बघितलं. पण काकांना बघणं कळायचं.

त्यांनी खोडरबर घेतलं. पहिल्या कार्डावरचा ठिपका खोडला, फुंकर मारली, कार्ड लांब धरून पाहिलं. मग कानामागची पेन्सिल काढली आणि त्याच जागी ठिपका परत दिला.

"उद्या बघू," म्हणाले.

बुधवारी अकराला बैठक. लांब टेबल, संचालकसाहेब मधोमध, एका बाजूला समितीचे सभासद, त्यांतले एक जाड चष्म्याचे निवृत्त इंजिनिअर, ज्यांना यंत्राचं नाव काढलं की झोपेतूनही जाग यायची. दुसऱ्या बाजूला मशीनबाई, काका आणि मी. मी कशाला होतो, तर पत्रावर साक्षीदार म्हणून माझी सही होती. ती मारताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

साहेबांनी पत्र वाचून दाखवलं. मी माझ्या एक्केचाळीस दोरवाल्यांचं सांगितलं. दहा अर्ज हातोहात फिरले. साहेबांनी भिंग धरून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"बाई, हे काय आहे?"

मशीनबाईचा चेहरा उतरला. तिनं एकेक अर्ज पुन्हा पाहिला. "मला... मला हे दिसायला हवं होतं. मी आलेख बघत होते, कागद नाही बघितले." मग सरळ म्हणाली, "मी लेख मागे घेते."

एवढंच हवं होतं. मी टेबलाखाली मूठ वळली. पाच महिने काय, पाच वर्षं कपाट हलत नव्हतं. आणि तिचं परदेशही गेलं. खरं सांगायचं तर मला दुसऱ्या गोष्टीचाच आनंद जास्त झाला होता.

साहेब म्हणाले, "म्हणजे मशीननं घोळ घातला."

आणि तिथं जाड चष्म्याचे सभासद पुढे सरसावले. "घोळ कसला साहेब! मला तर कौतुक वाटतंय. जिथं वाचता येत नाही तिथं गप्प नाही बसलं ते. शहराला शोभेल असा धंदा स्वतःच्या डोक्यानं घातला. दोरवाला! केवढी कल्पना आहे बघा. माणसाला सुचलं असतं का?"

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. काका उभे राहिले होते. कानापर्यंत लाल.

"मशीनची काय टाप आहे?" ते म्हणाले. "दोरवाला माझा आहे."

"काय?"

"माझा! मी घातलाय. एकतीस वर्षांपूर्वी. तुमच्या मशीननं नक्कल मारली माझी! त्याला काय डोंबल सुचतंय? त्याला दोर म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? माझे वडील वळायचे दोर!" आणि त्यांनी खिशातून तीन कार्डं काढून टेबलावर अशी आपटली की साहेबांच्या कपातला चहा बशीत आला. "कोपऱ्यात बघा. ठिपका दिसतोय? ज्याला ठिपका तो अंदाज. ही माझी पद्धत आहे. चूक झाली असेल तर ती माझी झाली. ती पण त्याच्या नावावर टाकताय?"

मी डोळे मिटून घेतले. पत्र गेलं, पुरावा गेला, कपाट गेलं, आणि हे सगळं घालवलं ते मशीनचं कौतुक पाच मिनिटं सहन न झालेल्या माणसानं.

मग मशीनबाईचा आवाज आला, अगदी बारीक.

"काका... पेन्सिलीचा ठिपका?"

"मग काय सोन्याचा?"

"मी कार्डांचे फोटो काळे-पांढरे करून घेतले. जुन्या कागदावरचे डाग जावेत म्हणून फिकं असेल ते सगळं पुसलं." तिनं कार्ड उचलून खिडकीकडे धरलं. "तुम्ही कार्डावर सांगून ठेवलं होतंत. मीच पुसलं."

"सगळ्या कार्डांवर?"

"सगळ्या."

साहेबांनी चहा बशीतून परत कपात ओतला, जे त्यांनी समितीसमोर करायला नको होतं. "थोडक्यात," ते म्हणाले, "कुठला धंदा खरा आणि कुठला अंदाज, हे आज जगात फक्त या मूळ कार्डांवर आहे. फोटोंत नाही, मशीनमध्ये नाही."

"आणि काकांना ठाऊक आहे," मशीनबाई म्हणाली.

"मग तळघराचा विषय सध्या बाजूला ठेवू."

काकांना हे कळायला वेळ लागला. ते अजून जाड चष्म्याकडेच बघत होते.

तिनं लेख मागे घेतला आणि परदेशातल्या लोकांना खरं कारण लिहून कळवलं. मला वाटलं, आता बोलावणं रद्द. कसलं रद्द! त्यांनी उलट जास्त आग्रहानं बोलावलं: असं मशीन माणसाची चूक कशी शिकतं, यावरच बोला. तिनं उत्तर धाडलं, चूक माझी एकटीची नाही, दुसऱ्या चुकीचे मालक पण सोबत असतील तरच बोलते. मग एका सकाळी रंगवलेल्या खोलीत पडद्यासमोर काका इस्त्रीचा सदरा घालून बसले आणि सातासमुद्रापलीकडच्या प्राध्यापकांना ठिपका म्हणजे काय ते समजावत होते. काकू मागच्या खुर्चीत. मध्येच एका प्राध्यापकानं काही विचारलं, तर काका म्हणाले, "आधी सांगा, हात पुसलेत का?" तिनं ते भाषांतर करून सांगितलं. तिकडे केवढा हशा. मी दाराच्या काचेतून बघत होतो.

लेख नव्यानं आला. त्यावर दोन नावं: तिचं आणि पगारपत्रकावरचं ते दुसरं, जे मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. तळटीपेत माझे आभार होते, 'प्रश्नचिन्हांबद्दल'. गाईडनी तो लेख मला पाठवला. या वेळी सोबत काहीच लिहिलं नव्हतं, ते जास्त लागलं.

ठिपके मोजले तेव्हा तीन हजार एकशे चार भरले. तिनं कुठूनसा एक खास दिवा आणला. त्याच्या उजेडात शिवणीतली पुसट शाई कधीकधी वर येते. दोघं रोज बसतात. ती दिवा धरते, काका गठ्ठा तिरका करतात. दिवसाला सहा-सात निघतात, त्याहून जास्त नाही. घाई केली तर जास्तही निघतील, पण काका एकेक ठिपका तीनदा तपासतात आणि ती काही बोलत नाही. निवृत्तीच्या दिवशी कपाट जागेवर होतं, शहाण्णव खणांसकट. काकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, निरोपाचा हार गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा हजर झाले. पगार नाही, वाचकाचा पास आहे.

आजच सकाळी मी माझी वही घेऊन रंगवलेल्या खोलीत गेलो. ती म्हणत होती, "काका, हे 'कुलूपवाला' आहे. मला पहिल्यांदा दिसलं."

"तुम्हाला पहिल्यांदा दिसलं नाही. मी बोलायच्या आधी तुम्ही बोललात, एवढंच."

"मग बोलायचं होतंत."

"दिवा तुमच्या हातात आहे ना! मला कुठं धरू देता?"

मी खाकरलो. "काका, माझी ती सहाशे प्रश्नचिन्हं. म्हटलं या दिव्यात एकदा बघितली तर..."

काकांनी मान वर केली नाही. शिवण बोटानं दाबून धरली होती त्यांनी. "ठेवा तिथं," म्हणाले. "रांग आहे. आधी आमचे होऊ देत."

आमचे, म्हणाले. मी वही खुर्चीवर ठेवली आणि बाहेर येऊन बसलो. आतून तिच्या हसण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं त्यांच्याही.